दोन चौकोनी कंस आणि वालूरची बारव

मंडळी, वालूरची चक्राकार बारव गावकऱ्यांनी गाळ-कचरा उपसून उजेडात आणली, हे आपण जाणताच. तिच्याविषयी विकीवर एक वाक्य लिहायला आम्ही बसलो, आणि दुव्यापाशी अडलो. आज त्या दुव्याचीच हकीकत.

संदर्भ जोडणं आपल्याला नवं नाही. केतकरांच्या ज्ञानकोशाचे २३ खंड. 'पहा' असं दिसलं की वाचकाने उठायचं नि दुसरा खंड काढायचा! मार्च १९९५ मध्ये वॉर्ड कनिंगहॅम यांनी पहिलं विकी सुरू केलं. तिथे दुव्यासाठी इंग्रजी शब्द एकमेकांना चिकटवायचे आणि प्रत्येकाचं पहिलं अक्षर मोठं ठेवायचं, अशी रीत होती. जानेवारी २००१ मध्ये विकिपीडिया सुरू झाला तोही याच रीतीने. आता देवनागरीत लहान-मोठी अक्षरं आहेत कुठे? पण लवकरच दुहेरी चौकोनी कंस आले, आणि १ मे २००३ ला मराठी विकिपीडिया सुरू झाला तेव्हा ही अडचण उरली नव्हती.

दुसरी मात्र उरली, ती आपल्या व्याकरणाची. सरावाच्या पानाला तिथे 'धूळपाटी' म्हणतात. पंतोजींच्या शाळेत मुलं पाटीवर धूळ पसरून अक्षरं गिरवायची, तीच ही. त्या धूळपाटीवर आम्ही लिहिलं: 'वालूरच्या [[बारवेत]] पायऱ्या गोल फिरत उतरतात.' दुवा लाल! म्हणजे त्या नावाचं पानच नाही. बरोबरच आहे, 'बारवेत' नावाची वस्तू जगात कुठे असते? मग कळलं, मधे उभी रेघ द्यायची: [[बारव|बारवेत]]. रेघेआधी पानाचं नाव, रेघेनंतर वाक्यात शोभेल तो शब्द. विहीर-विहिरीत, घोडा-घोड्यावर, सगळीकडे हेच. न्यायदर्शनातलं पद वेगळं, पदार्थ वेगळा, हे आम्ही वर्गात जन्मभर शिकवलं. बोटांना ते सत्तरीनंतर समजलं.

पुढे 'सेलू तालुका' आला. सेलू परभणीत आहे, तसं वर्ध्यातही आहे. नुसतं [[सेलू]] लिहून वालूरला विदर्भात पाठवायचं का? तेव्हा दुवा दिल्यावर तो दाबून, उघडलेलं पान वाचून बघायचं. हा कंटाळा करू नका.

आणि एक चूक आमचीच सांगतो. लाल अक्षरं डोळ्याला खुपतात म्हणून एकदा आम्ही [[विहीर|बारव]] असं करून टाकलं. छान निळं झालं! पण वाचक बारवेवर बोट ठेवणार आणि पोचणार साध्या विहिरीवर. पायऱ्या, देवकोष्ठं, खाली उतरत पाण्यापर्यंत जाणं, सगळं पुन्हा गाळाखाली. लाल दुवा निदान खरं बोलतो: इथे पान हवं आहे, अजून कुणी लिहिलेलं नाही. तो पाहूनच कुणीतरी लिहायला बसतो.

दुसऱ्या दिवशी आम्ही 'विहीर' खोडून पुन्हा 'बारव' लिहिलं. अक्षरं परत लाल झाली. ठेवली तशीच.