बांबू : झाड कीं गवत?

वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीनें बांबू हें गवत होय. इ. स. १९२७ च्या भारतीय वन अधिनियमानें मात्र त्याची गणना झाडांत केली. हा भेद केवळ पंडितांच्या वादापुरता असता, तर त्याचें कोणास कांहींच वाटलें नसतें. परंतु ज्याच्या घराचा कूड, छप्पर आणि सूप-टोपली सारीं बांबूचीं, त्या गोंडाला राखीव वनांत तोच बांबू परवान्यावांचून तोडणें गुन्हा ठरला.

या गुन्ह्याचें मूळ त्याहून जुनें आहे. १८७८ चा वनकायदा होण्यापूर्वीं सरकारी अधिकाऱ्यांतच मोठा वाद माजला. गांवकरी रानांतून लांकूडफांटा आणतात, ती राज्यकर्त्यांनीं चालूं दिलेली मोकळीक होय, हक्क नव्हे, असें बेडन-पॉवेल यांचें म्हणणें. वनखात्याचे पहिले मुख्याधिकारी डीट्रिख ब्रांडिस यांस हें पटेना. वहिवाट हाही हक्कच, व गांवासाठीं निराळीं रानें राखावीं, असा त्यांचा आग्रह होता. पुण्याच्या सार्वजनिक सभेनेंही विधेयकास विरोध केला. शेवटीं सरशी बेडन-पॉवेल यांच्या पक्षाची झाली. आगगाडीच्या रुळांखालीं घालावयास सरकारला साग व देवदार हवा होता, हें येथें विसरतां कामा नये. रानाच्या रक्षणाची कळकळ सर्वस्वीं खोटी नव्हती, पण निखळही नव्हती.

२००६ च्या वनहक्क कायद्यानें आपल्या प्रस्तावनेंतच तो जुना अन्याय कबूल केला. बांबू गौण वनोपज ठरला, आणि सामूहिक वन राखण्याचा अधिकार ग्रामसभेस मिळाला. मग वन्य प्राण्यांचें काय, ही शंका रास्त आहे. त्यांच्यासाठीं रान मोकळें करण्याची तरतूदही त्यांत आहे. परंतु माणसांच्या वावरानें भरून न येणारी हानि होते व एकत्र नांदण्याचा दुसरा मार्ग नाहीं, हें आधीं ठरलें पाहिजे, आणि ग्रामसभेनें समजून-उमजून संमति दिली पाहिजे.

गडचिरोली जिल्ह्यांतील मेंढा (लेखा) या गोंडांच्या गांवास सुमारें १८०० हेक्टर रानावर असा हक्क मिळाला. त्या रानांतला बांबू पूर्वीं कागदाच्या कारखान्यास तोडूं दिला जाई. आतां हक्कदार गांवाला मात्र तो बाहेर नेण्याचा परवाना मिळेना! अखेर एप्रिल २०११ मध्यें केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांनीं गांवीं येऊन वाहतूक-परवान्यांचें पुस्तकच ग्रामसभेच्या स्वाधीन केलें. त्यानंतर सहा वर्षांनीं, रानाबाहेरील लागवडीस मोकळीक द्यावी म्हणून, १९२७ च्या व्याख्येंतून ‘बांबू’ हा शब्द गाळण्यांत आला.