ओतीव आकड्यांची साक्ष

ज्या कागदावर तारीख नाही त्याचा काळ ठरविताना आपण कागदाची जात, मोडीचे वळण, शिक्क्याचा घाट आणि बांधणीचा दोरा पाहतो. आपल्या वाचकांपैकी अनेकांच्या घरी अशी दप्तरे आहेत, तेव्हा ही रीत आम्ही त्यांस नव्याने सांगावी असे नाही. परंतु तीच रीत लोखंडी यंत्राला लावलेली आम्ही प्रथम पाहिली ती जर्मनीत, स्टुटगार्टजवळच्या एका खेड्यात. आमचे जावई तेथे नोकरीस आहेत. त्यांच्या शेजारी एक वृद्ध गृहस्थ राहतात. त्यांचे सारे आयुष्य जंगलात झाडे तोडण्यात गेले. आता ते आपल्या पडवीत जुन्या साखळी-करवती उघडून पुन्हा जुळवीत बसतात. आम्हांस जर्मन येत नाही आणि त्यांस इंग्रजी येत नाही. जावयांच्या मध्यस्थीने, आणि पुष्कळदा केवळ बोट दाखवून, आमचे तीन आठवडे उत्तम गेले.

त्या भागाचे आणि या यंत्राचे नाते जुने आहे. आंद्रेआस श्टील या अभियंत्याने १९२६ साली स्टुटगार्टात विजेवर चालणारी साखळी-करवत केली. ती उचलण्यास दोन माणसे लागत. १९२९ साली पेट्रोलवर चालणारे यंत्र आले. विजेची तार जंगलात नेता येत नाही, ही अडचण त्याने दूर केली, पण दुसरा माणूस काही सुटला नाही. एकट्याने चालविण्याजोगी पेट्रोलची करवत त्या कारखान्यातून १९५० साली बाहेर पडली. दरम्यान अमेरिकेत ऑरेगनच्या जंगलात जोसेफ कॉक्स नावाच्या लाकूडतोड्याने १९४६ साली एका ओंडक्यात भुंग्याची अळी पाहिली. ती आपल्या वक्र जबड्यांनी लाकूड डावीउजवीकडे कुरतडीत सहज पुढे सरकत होती. त्या जबड्यांच्या आकाराचे दाते कॉक्सने साखळीस बसविले आणि १९४७ साली ती साखळी विक्रीस आणली. आजची साखळी त्याच घाटाची आहे. दाते बदलले म्हणून साखळी वेगाने फिरविणे शक्य झाले. आणि वेग शक्य झाला म्हणून इंजिन व साखळी यांच्यामधली दंतचक्रे काढून टाकता आली. याचे फळ म्हणजे १९५९ सालची ‘कॉन्ट्रा’. सहा अश्वशक्ती, वजन सुमारे बारा किलो, आणि साखळी थेट इंजिनाच्या दांड्यावरून फिरणारी. अमेरिकेत ती ‘लाइटनिंग’ या नावाने विकली गेली. ०७० आणि ०९० ही पुढची यंत्रे तिच्याच कुळातली.

आम्ही गेलो तेव्हा पडवीत या कुळातली एक करवत येऊन पडली होती. नावाची पट्टी नाही, रंग उडालेला, भुशाचे व तेलाचे बोटभर किटण चढलेले. विकणाऱ्याने ती ०९० म्हणून दिली होती. मोठ्या यंत्रास दाम अधिक मिळतो. वृद्ध गृहस्थांनी त्यावर काहीच मत दिले नाही. त्यांनी मॅग्नेशियमचे कवच रॉकेलने पुसले आणि आतल्या अंगास ओतलेला आकडा आम्हांस दाखविला : ११०६. या कारखान्याच्या सुट्या भागाचा क्रमांक अकरा अंकी असतो. पहिले चार अंक यंत्राच्या कुळाचे, मधले तीन भागाच्या गटाचे, शेवटचे चार त्या भागाचे. आम्हांस वाटले, निकाल लागला. त्यांनी मान हलविली. कॉन्ट्रा, ०७० आणि ०९० या तिघींचे कूळ ११०६च. शिवाय जुन्या यंत्राचा भाग पुढच्या यंत्रात तसाच वापरला तर त्याचा क्रमांक बदलत नाही. म्हणजे आकडा भागाचे कूळ सांगतो. समोरच्या यंत्राचे नाव सांगेलच असे नाही.

मग त्यांनी सिलिंडर उतरविला आणि आत माप घातले. व्यास ५८ मिलिमीटर भरला, पिस्टनची धाव ४०. यावरून घनफळ १०६ घनसेंटिमीटर येते. ०९० ची धाव तेवढीच, पण व्यास ६६ आणि घनफळ १३७. विक्रेत्याचे म्हणणे तेथेच संपले.

येथे आमच्याच एका चुकीची आठवण झाली. सेवेत असताना दप्तराच्या गठ्ठ्यावरची चिठ्ठी प्रमाण मानून आम्ही आतला कागद न वाचता एक नोंद मंजूर केली होती. चिठ्ठी दुसऱ्याच गठ्ठ्याची निघाली. ती नोंद दुरुस्त होईतो त्या कुटुंबाची अकरा वर्षे खेपा घालण्यात गेली.

पुढचे काम सावकाश चालले. सिलिंडरच्या आतील कठीण मुलामा शाबूत होता. तो उखडला असता तर सारे श्रम व्यर्थ जाते. पिस्टनच्या कडा जुन्या कडांच्या चरीत कार्बनने चिकटल्या होत्या, त्या नव्या घातल्या. दांड्याच्या दोन्ही बाजूंची ऑइल सील बदलण्यावर त्यांचा फार कटाक्ष होता. सील वाळली की तिच्यातून बाहेरची हवा आत शिरते, पेट्रोलचे मिश्रण विरळ होते, इंजिन अकारण भरधाव फिरते आणि पिस्टन भाजून निघतो. अजाण माणसास तो वेग प्रकृतीचे लक्षण वाटतो. म्हणून जुळणीनंतर हातपंपाने कवचात हवा भरून काटा स्थिर राहतो का ते पाहिले, मग हवा ओढून घेऊन तेच पुन्हा केले. कार्बोरेटरमधला पातळ पडदा पत्र्यासारखा ताठ झाला होता. या पडद्यामुळेच करवत आडवी-उभी कशीही धरली तरी पेट्रोल पोहोचते. तरंगत्या गोळ्याच्या जुन्या कार्बोरेटरास ते साधत नसे. पॉइंट घासून त्यांतील फट ०.४ मिलिमीटरवर आणली, आणि ठिणगी पडली.

जावयांनी एक सूचना केली. कॉन्ट्राच्या नावाची नवी पट्टी बाजारात मिळेल, ती लावावी. चीनमध्ये या कुळातील करवतींच्या हुबेहूब नकला होतात, तेव्हा पट्टीचे काय मोठेसे! वृद्ध गृहस्थ प्रथमच जरा तापले. १०६ चा सिलिंडर कॉन्ट्राचाही असेल, ०७० चाही. मधल्या पन्नास वर्षांत कोणी काय बदलले हे त्यांस ठाऊक नव्हते. आम्हांस त्यांचे म्हणणे पूर्ण पटले, आणि आमच्या हुद्द्यावर असा एखादा माणूस बसला असता तर बरे झाले असते, असेही वाटले.

दुसरा प्रश्न वापराचा होता. या करवतीच्या मुठी कवचास घट्ट जखडलेल्या, मध्ये रबर नाही. थरथर रोखणाऱ्या मुठी १९६० च्या दशकाच्या मध्यास येऊ लागल्या आणि साखळीस तत्काळ थांबविणारा ब्रेक १९७० च्या दशकात. त्यापूर्वी ज्यांनी दिवसचे दिवस अशी यंत्रे धरली त्यांची बोटे थंडीत पांढरी पडत व बधिर होत. जपानमधील सरकारी जंगलांतल्या कामगारांत हा आजार इतका पसरला की तेथे करवत धरण्याचा वेळ दिवसाला दोन तासांवर आणावा लागला. वृद्ध गृहस्थांनी आपला उजवा हात आमच्यापुढे धरला. दोन बोटांच्या टोकांस सुई टोचलेली कळत नाही, असे जावयांनी सांगितले.

शेवटच्या दिवशी त्यांनी साखळी न चढविता यंत्र सुरू केले. चौथ्या ओढीस ते पेटले. दोन मिनिटे पडवी धुराने आणि आवाजाने भरून गेली. मग त्यांनी बटण बंद केले, पेट्रोल रिकामे केले आणि करवत खिळ्याला टांगली. मुठीस सुतळीने एक पुठ्ठ्याचा तुकडा बांधला. त्यावर पेन्सिलीने लिहिले होते : ११०६, व्यास ५८, धाव ४०, कडा, सील व पडदा नवीन. नावाची जागा त्यांनी कोरी ठेवली होती.