ठकीचें घर

चिखलीच्या कुदळवाडींतील भंगाराचीं गोदामें २०२५ सालच्या फेब्रुवारींत महानगरपालिकेनें पाडलीं. त्यानंतर कांहीं दिवसांनीं त्या बाजूनें जात असतां एका ढिगाऱ्याच्या कडेला आम्हीं प्लॅस्टिकच्या बाहुल्यांचा ढीग पाहिला. कोणाला हात नव्हते, कोणाला डोळे नव्हते. बरोबरचे सहाध्यापक म्हणाले, "आपल्या भागांत बाहुल्यांचें संग्रहालय हवें. एखाद्या कारखानदाराचा जुना, सपाट छपराचा आणि मोठमोठ्या कांचांचा बंगला घ्यावा, दुरुस्त करावा, आणि त्यांत बाहुल्या मांडाव्या. परदेशांत असें करतात." सूचना आम्हांला तत्काळ पसंत पडली. घरीं आल्यावर मात्र शंका येऊं लागल्या. त्या वाचकांपुढें ठेवितों.

बाहुली ही टिकण्यासाठीं केलेली वस्तु नव्हे. चिंधीची बाहुली दोन पावसाळ्यांत कुजते, लाकडाची अखेर चुलींत जाते, आणि भातुकलींत थाटानें लग्न लागलेली वधू दुसऱ्याच दिवशीं अडगळींत पडते. फार काळ उरते ती भाजलेल्या मातीची किंवा हस्तिदंताची. पण तीहि आपल्या नांवानें उरत नाहीं. धाराशिव जिल्ह्यांतील तेर, म्हणजे प्राचीन तगर, येथें सातवाहनकालीन मातीच्या लहान लहान मूर्ति पुष्कळ निघाल्या. गांवकऱ्यांना सांपडलेल्या असल्या वस्तु रामलिंगप्पा लामतुरे यांनीं आवडीनें जमविल्या, आणि त्यांच्या नांवाचें सरकारी संग्रहालय तेथें उभें राहिलें. तेरच्या हस्तिदंती स्त्रीमूर्तीशीं जिचें साम्य दाखवितात, अशी एक भारतीय मूर्ति १९३८ सालीं इटलींतील पाँपेई येथें सांपडली; इ. स. ७९ च्या ज्वालामुखीच्या राखेखालीं ती पुरली गेली होती. विद्वानांनीं तिला प्रथम लक्ष्मी म्हटलें, पुढें यक्षी म्हटलें. तिच्या मस्तकांतून खालीं गेलेलें छिद्र पाहून ती आरशाची मूठ किंवा एखाद्या सामानाचा पाय असावी, असाहि तर्क झाला. बाहुली हा शब्द या वादांत क्वचितच निघतो. ती बाहुली होती असें आमचें म्हणणें नाहीं. परंतु त्या पंडितसभेंत सहा वर्षांची एक मुलगी बसविली असती, तर तिचें मत काय पडलें असतें, हें आम्ही सांगूं शकतों.

मग खेळण्यांना खेळणीं म्हणूनच कोणीं जपलें? आमच्या प्रांतापुरतें उत्तर पुण्याच्या शुक्रवार पेठेंत सांपडतें. 'अज्ञातवासी' या नांवानें कविता लिहिणारे दिनकर गंगाधर केळकर (१८९६–१९९०) यांनीं सुमारें १९२० पासून दिवे, अडकित्ते, दौती, वजऱ्या, दरवाजे, कळसूत्री बाहुल्या, खेळणीं असें जें जें घरांतून बाहेर टाकलें जात होतें, तें तें गोळा केलें. त्यांचा एकुलता एक मुलगा राजा बालपणींच गेला. त्या मुलाच्या नांवानें त्यांनीं संग्रहालय उभें केलें आणि १९७५ सालीं तें महाराष्ट्र सरकारच्या स्वाधीन केलें. संग्रह वीस हजारांच्या वर गेला. मांडलेला आहे तो त्याचा अल्प अंश. राजा दिनकर केळकर संग्रहालय हें नांव आपण इतक्या सहज उच्चारतों, कीं त्यांत बापाच्या आधीं मुलाचें नांव आहे हें ध्यानांतहि येत नाहीं. तेथल्या खेळण्यांच्या कपाटापुढें आम्ही अनेकदां उभे राहिलों आहों. तीं खेळणीं शाबूत आहेत, आणि त्यांच्या शाबूतपणाचेंच आम्हांला वाईट वाटतें. नांदत्या घरांत तीं एव्हांना मोडलीं असतीं.

दुसरी शंका बंगल्याविषयीं. आधुनिक पद्धतीचें घर मराठी माणसानें कोठें बांधलें, तर इंदूरचा माणिकबाग आठवतो. यशवंतराव होळकर दुसरे यांनीं तरुण जर्मन स्थापत्यविशारद एकार्ट मुथेसियस याच्याकडून १९३० ते १९३३ च्या सुमारास तो बांधवून घेतला. दिव्यांपर्यंतची योजना एकाच मनानें केलेली. रूलमन, आयलीन ग्रे अशा नामवंत कारागिरांचें सामान युरोपांतून आणविलेलें. १९८० सालीं त्यांतील मौल्यवान सामानाचा मोनॅकोस लिलांव झाला, आणि घरांत पुढें केंद्रीय उत्पादन-शुल्क खात्याचें कार्यालय बसलें. असें घर बांधून झालें त्याच दिवशीं पूर्ण असतें. त्यांत भर घालावी तर तें बिघडतें. यशवंतरावांनीं ब्रांकूसीचे पक्षी विकत घेतले होते. तसल्या भिंतींपुढें ते खुलतील यांत संशय नाहीं. पण बाहुलीला कोपरा लागतो, फडताळ लागतें, पलंगाखालची जागा लागते. कांचेच्या भिंतीच्या घरांत ती लपणार कोठें?

आमचे मित्र यावर दिल्लीचा दाखला देतात. व्यंगचित्रकार शंकर यांनीं एका हंगेरियन बाहुलीवरून स्फूर्ति घेऊन १९६५ सालीं तेथें आंतरराष्ट्रीय बाहुली-संग्रहालय उघडलें. इमारत नवी, कपाटें कांचेचीं, बाहुल्या हजारोंनीं, आणि मुलें कांचेला नाक लावून उभीं. दाखला खरा आहे. परंतु त्या बाहुल्या बहुतेक देशोदेशींचे पोशाख दाखविण्यासाठीं केलेल्या. संग्रहालयाच्या कारखान्यांतहि त्या तयार होतात आणि इतर देशांशीं अदलाबदलीस जातात. त्यांचा जन्मच कांचेमागें राहण्यासाठीं. असल्या बाहुल्यांपुरता चिखलीच्या बंगल्याला आमचा विरोध नाहीं.

अडचण आहे ती आमच्या घरच्या ठकीची. ती मातोश्रींच्या माहेरची, सावंतवाडीच्या चिताऱ्यांनीं केलेली. अखंड लाकडाची, हात अंगालाच कोरलेले, वर लाखेचा रंग. मातोश्री गेल्या त्या वर्षीं ती ट्रंकेंत लुगड्याच्या घडींत सांपडली. साठ-सत्तर वर्षें त्यांनीं ती कोणाला दाखविलीहि नव्हती. एका संग्रहालयाला देण्याबद्दल आम्हीं पत्र लिहून ठेविलें आहे. परंतु गेल्या आठवड्यांत आमची दीड वर्षांची नात ती घेऊन सगळ्या घरभर हिंडली, आणि उंबऱ्यावर आपटून तिनें ठकीच्या नाकाचा टवका काढला. सहाध्यापक तो पाहून फार हळहळले. नात रात्रीं ठकीला कुशींत घेऊन निजली. पत्र मेजाच्या खणांत आहे. त्यावर तिकीट लावलेलें नाहीं.