गोव्यातील खाजन शेती : खाडीची परिसंस्था आणि ग्रामीण अर्थव्यवस्था यांचा ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना

कोकण-गोव्याच्या किनाऱ्याचा इतिहास लिहिताना बंदरे, आरमारे आणि परदेशी व्यापार यांना जेवढे स्थान मिळाले, तेवढे खाडीकाठच्या गावांना मिळालेले नाही. या गावांची उपजीविका भात, मासळी आणि मीठ या तीन उत्पन्नांवर उभी होती व तिन्हींचा आधार एकच होता, तो म्हणजे भरती-ओहोटीची खाडी. निरोगी परिसंस्था केवळ निसर्गाच्या कृपेने टिकते की तिच्यामागे एखादी समाजव्यवस्थाही असावी लागते, या प्रश्नाचा विचार प्रस्तुत लेखात गोव्यातील खाजन शेतीच्या आधारे केला आहे.

खाजनाची रचना

खाजन म्हणजे खाडीच्या खाऱ्या पाण्याखालून बांध घालून मिळवलेली सखल जमीन. मांडवी व झुवारी या नद्यांच्या काठी, विशेषतः तिसवाडी, बार्देश आणि सासष्टी या तालुक्यांत ती मोठ्या प्रमाणावर आढळते. कोकणच्या मौर्य घराण्यातील अनिर्जितवर्मन या राजाच्या बांदोडा येथील ताम्रपटात खाजन जमिनीच्या दानाचा उल्लेख येतो. त्यावरून या पद्धतीची प्राचीनता लक्षात येते.

चिखल, पेंढा आणि जांभा दगड यांचे बांध, त्यांत बसवलेला ‘मानस’ नावाचा लाकडी दरवाजा आणि आतील पाणी खेळवणारे ओहळ ही या रचनेची मुख्य अंगे होत. भरतीच्या दाबाने दरवाजा आपोआप मिटतो व ओहोटीला उघडतो. पावसाळ्यात गोडे पाणी जमिनीतील क्षार धुऊन नेते आणि कोरगुटसारखे खारेपण सोसणारे भात पिकते. बांधाबाहेरील खारफुटी लाटांचा मारा अडवते, गाळ धरून ठेवते आणि मासळीच्या पिलांना आश्रय देते. ओहोटीच्या वेळी मानशीच्या तोंडाशी जाळे लावून मासळी पकडली जाते. काही ठिकाणी पावसाळा संपल्यावर मिठागरेही चालत. अशा रीतीने एका बांधामुळे वर्षभराचे उत्पन्न हाती येत असे.

गावकरी संस्थेची भूमिका

बांध फुटला तर नुकसान एका शेतकऱ्याचे नसून सबंध गावाचे होते. म्हणून त्याची देखभालही सामूहिक होती. जमिनीची मालकी व व्यवस्था गावकरी संस्थेकडे असे. पोर्तुगीज काळात ती ‘कोमुनिदाद’ या नावाने ओळखली गेली. १५२६ साली अफोंसो मेशिया याने तयार केलेल्या सनदेत गावकऱ्यांच्या रूढी व हक्क नोंदवले गेले. शेतजमिनीचा आणि मानशीवरील मासेमारीचा लिलाव करून संस्था उत्पन्न मिळवी व त्यातून बांधांची दुरुस्ती होई. खाडीतून आलेल्या उत्पन्नाचा काही भाग अशा रीतीने खाडीकाठच्याच रक्षणासाठी खर्च होत असे. मात्र या व्यवस्थेत गावकऱ्यांना जे अधिकार होते, ते प्रत्यक्ष राबणाऱ्या कुळांना व मजुरांना नव्हते, हेही नमूद केले पाहिजे.

ऱ्हासाची कारणे

परिसंस्था शाबूत असूनही अर्थव्यवस्था कोलमडू शकते, याचे उदाहरण मिठागरांनी दिले. १८७८ च्या इंग्रज-पोर्तुगीज करारान्वये गोव्यातील मिठावर ब्रिटिशांचे नियंत्रण आले आणि या व्यवसायाला मोठा फटका बसला. १८९२ मध्ये हा करार संपुष्टात आला.

दुसरे वळण गोवा मुक्तीनंतर आले. १९६४ चा कूळ कायदा आणि त्यातील १९७६ ची दुरुस्ती यांमुळे कसणाऱ्यास जमिनीची मालकी मिळण्याचा मार्ग मोकळा झाला. सामाजिक न्यायाच्या दृष्टीने ही सुधारणा महत्त्वाचीच होती. परंतु बांधांची जबाबदारी कूळ संघटनांकडे गेली, तेव्हा जुन्या संस्थेची शिस्त आपोआप त्यांच्याकडे आली नाही. भातापेक्षा कोळंबीला अधिक भाव मिळू लागल्याने मानशी उघड्या ठेवून खारे पाणी आत घेण्याचा मोह वाढला. शेते खारावली, पडीक राहिली आणि त्यांत खारफुटी वाढली. बांधाबाहेर संरक्षक असलेली हीच वनस्पती आत आली की शेती मागे हटल्याची खूण ठरते. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर १९९६ मध्ये किनारी नियमन क्षेत्रातील व्यापारी कोळंबी तलावांवर निर्बंध घातले, तसेच २०११ च्या किनारी नियमन अधिसूचनेत गोव्यातील खाजन जमिनींच्या संरक्षणाची तरतूद झाली. तथापि, रात्री-अपरात्री फुटलेला बांध बुजवण्याचे काम अधिसूचना करू शकत नाही.

निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून असे दिसते की, खाजनाचे आरोग्य हे खाडी, बांध आणि ग्रामसंस्था या तिन्हींच्या परस्परसंबंधावर अवलंबून होते. मासळीचे उत्पन्न घेणारा आणि बांधाचा खर्च उचलणारा एकच समूह होता, तोवर ही साखळी टिकली. ते दोघे वेगळे झाले तेव्हा ती तुटली. समुद्राची पातळी वाढत असताना या बांधांचे महत्त्व अधिकच वाढले आहे. जुनी विषम व्यवस्था परत आणणे इष्ट नाही. परंतु कसणाऱ्यांच्या हाती मालकीबरोबरच मानशीचे उत्पन्न आणि देखभालीचे उत्तरदायित्व एकत्र सोपवल्याशिवाय खाजन शेती तग धरणार नाही, हाच या इतिहासाचा बोध आहे.