जुना कॅमेरा मधेच अडतोय? मिरवणुकीआधी एवढं करा

राजारामपुरीतली गणेश आगमनाची मिरवणूक टिपायला अनेक जण जुना डिजिटल कॅमेरा घेऊन येतात. आठ-दहा फोटो सलग काढले की तो अडतो आणि मूर्ती पुढं निघून जाते.

कारण सोपं आहे. फोटो आधी कॅमेऱ्याच्या तात्पुरत्या मेमरीत, म्हणजे बफरमध्ये साठतो, मग कार्डावर उतरतो. बफर भरला की बटण दाबून उपयोग नाही.

हिशेब बघा : २५ एमबीचे १० रॉ फोटो म्हणजे २५० एमबी. सेकंदाला १० एमबी वेगानं उतरायला २५ सेकंद लागतात. ८ एमबीचे जेपेग असतील तर फक्त ८.

काय कराल?

• रॉ बंद करून जेपेग ठेवा.
• बटण अर्धं दाबून फोकस आधीच धरून ठेवा.
• दोन-तीन फोटो काढून थांबा.
• कार्डावर ‘क्लास १०’ म्हणजे सेकंदाला किमान १० एमबी, ‘यू३’ म्हणजे किमान ३०. पण कॅमेराच संथ असेल तर महागडं कार्डही फार कामाचं नाही. दुकानात कॅमेऱ्यात घालून बघूनच घ्या.
• कार्डाचा दिवा लुकलुकत असताना कार्ड किंवा बॅटरी काढू नका. काढलेले फोटोही जातील.