ब्रह्मपुरीचा समुद्रदेव

कोल्हापूर शहराच्या वायव्येला, पंचगंगेच्या काठावर ब्रह्मपुरीची टेकडी आहे. 1945-46मध्ये पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे ह. धी. सांकळिया आणि मो. गं. दीक्षित यांनी येथे उत्खनन केले. सातवाहन काळातील विटांची घरे, नाणी आणि भांडी त्यात उजेडात आली. याच टेकडीवर सापडलेल्या कांस्यवस्तूंनी तर जगभरच्या अभ्यासकांचे लक्ष वेधले. त्यांत रोमन घडणीचे जग आणि आरसा होता, आणि ग्रीक-रोमन समुद्रदेव पोसायडनची एक मूर्तीही होती.

मूर्ती वीतभरही उंच नाही. देव उभा आहे. एक हात वर उचललेला, मुठीत धरलेला त्रिशूळ मात्र नाहीसा झालेला. अंगाचे स्नायू, दाढीमिशा, केसांच्या बटा इतक्या लहान आकारातही स्पष्ट उठल्या आहेत.

समुद्रापासून दूर, सह्याद्रीच्या माथ्यापलीकडे हा देव आला तो व्यापाराच्या वाटेने. इसवी सनाच्या पहिल्या-दुसऱ्या शतकात इजिप्तच्या तांबड्या समुद्रावरील बंदरांतून जहाजे जुलैच्या सुमारास निघत, नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांवर अरबी समुद्र ओलांडत आणि हिवाळ्यात ईशान्येचे वारे सुटले की परतत. पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासवर्णनात कल्याण आणि चौलपासून खाली कोकणातील बंदरांची ओळ दिली आहे. इटलीची दारू, तांबे, कथील, पोवळे आणि काच हा माल पश्चिमेकडून भारतात येई.

बंदरात उतरलेला माल देशावर चढवायचा तर घाट हवेत. कोल्हापूरच्या पश्चिमेला आंबा, बावडा आणि फोंडा हे घाट आहेत. बावडा घाटाच्या तोंडाशी असलेले गगनबावडा कोल्हापूरपासून सुमारे 55 किलोमीटरवर आहे. घाटाखाली विजयदुर्गच्या खाडीत आत शिरलेले खारेपाटण हे जुने बंदर. तेथे सापडलेल्या शिलाहार राजा रट्टराजाच्या शके 930, म्हणजे इ.स. 1008च्या ताम्रपटात परदेशांतून येणाऱ्या प्रत्येक जहाजामागे देवालयासाठी सोन्याचे नाणे घेण्याची तरतूद आहे. रोमचा व्यापार ओसरून कित्येक शतके लोटली, तरी खाडीतली वर्दळ चालू होती. पुढेही मीठ, सुकी मासळी आणि नारळ बैलांच्या पाठीवरून घाट चढत राहिले.

समुद्रदेव आला तेव्हा कोल्हापुरावर ‘कुर’ नामान्त राजांची सत्ता होती. विळिवायकुर, सिवलकुर या राजांची शिशाची आणि पोटीन या मिश्रधातूची नाणी येथे मिळतात; एका बाजूला टेकडी व झाड, दुसऱ्या बाजूला धनुष्यबाण. दुसऱ्या शतकातील भूगोलकार टॉलेमीने हिप्पोकुरा या राजधानीचा ‘बालेओकुरोस’ राजा नोंदवला आहे. तो विळिवायकुरच, असे अनेक अभ्यासक मानतात. म्हणजे अलेक्झांड्रियात बसून भूगोल लिहिणाऱ्यालाही या प्रदेशातील राजाचे नाव ठाऊक होते.

ब्रह्मपुरीत सापडलेल्या वस्तूंसाठी टेकडीवरच संग्रहालय सुरू झाले आणि 1949मध्ये ते टाउन हॉलच्या इमारतीत आले. 1872 ते 1876 या काळात बांधलेली ही गॉथिक शैलीची वास्तू भाऊसिंगजी रस्त्यावर आहे. कोल्हापूर कधी बंदर नव्हते. पण घाटांनी त्याला समुद्राशी जोडले होते, याचा पुरावा ब्रह्मपुरीच्या या ठेव्यात मिळतो.