वाकडा ऊस आणि ‘माणसाने’

संतकवी चोखामेळा चौदाव्या शतकातले, मंगळवेढ्याचे. महारकीची कामे करायची, वेशीबाहेर राहायचे, वाटेत कोणी वरच्या जातीचा भेटला की वाकून जोहार घालायचा, हा त्यांचा जन्मसिद्ध वाटा. पंढरपूरच्या देवळात त्यांना प्रवेश नव्हता. परंपरेनुसार 1338 मध्ये मंगळवेढ्याचे गावकूस बांधताना ते कोसळून त्यांचा अंत झाला. त्यांची समाधी विठ्ठलाच्या महाद्वारासमोर, म्हणजे बाहेरच आहे. ते दार अस्पृश्यांसाठी उघडले 1947 साली, साने गुरुजींच्या उपोषणानंतर.

त्यांच्या जोहाराच्या अभंगांत उष्ट्यासाठी पाटी घेऊन आलेला भुकेला माणूस बोलतो. वाकड्या उसाच्या अभंगाचा सूर मात्र वेगळा आहे. ऊस वाकडा असला तरी त्याचा रस वाकडा नसतो. धनुष्य वाकडे, बाण नव्हे. नदी वळणे घेते, पाणी नव्हे. प्रत्येक दाखल्यानंतर एकच प्रश्न येतो: वरच्या रंगाला का भुललास? आवाज कुठेही चढत नाही. पण तीन दाखल्यांना मान डोलावलेल्या ऐकणाऱ्याला चौथ्या वेळी हटता येत नाही, कारण चौथा दाखला खुद्द चोखोबांचा. वाकडेपणाचा शिक्का ते स्वतःवर मारून घेतात, हे आज वाचताना खुपते. पण आरोपी कोण, हे तेवढ्यात बदललेले असते. जो भुलला, तो.

नामदेव ढसाळांच्या ‘माणसाने’ या कवितेत असा समजावण्याचा प्रयत्नच नाही. ढसाळ 1949 साली खेड तालुक्यातल्या पूर-कानेरसरला जन्मले आणि मुंबईत कामाठीपुऱ्याच्या परिसरात वाढले. टॅक्सी चालवली. 1972 मध्ये विजय तेंडुलकरांच्या प्रस्तावनेसह ‘गोलपिठा’ आला, त्याच वर्षी दलित पँथर ही संघटनाही उभी राहिली. ‘माणसाने’ त्याच संग्रहातली.

ही कविता ‘करावे’, ‘घ्यावे’ अशा विध्यर्थी क्रियापदांवर चालते. हा बाज स्मृतिकारांचा, सुभाषितांचा, शाळेतल्या नीतिपाठाचा. ढसाळ तोच बाज उचलतात आणि त्यात नशा, शिव्या, लूट, विध्वंस भरतात. विध्वंसाची सुरुवात स्वतःपासून करायला सांगतात. पवित्र मानलेले काही सुटत नाही. ही यादी मुद्दाम थकवणारी आहे. वाचणाऱ्याला दम घ्यायला जागा मिळू नये, अशीच ती रचली आहे. मग शेवटाकडे सूर पालटतो. जे उरतील त्यांनी कोणाला गुलाम करू नये, लुटू नये, काळागोरा भेद मानू नये, माणसाचे गाणे गावे. क्रियापदाचा साचा तोच राहतो, त्यामुळे शिवीइतक्याच अधिकाराने करुणाही आज्ञा होऊन येते.

चोखोबा सोसणारे आणि ढसाळ बंडखोर, ही नेहमीची वाटणी म्हणूनच अपुरी पडते. चोखोबांना समोरच्याचे मत वळवायचे आहे, कारण दार त्याच्या हातात आहे. ढसाळांच्या कवितेला त्या दारातून आत जायचेच नाही.

मधल्या काळात नागपूरच्या किसन फागू बनसोडे यांच्यासारख्या कार्यकर्त्यांनी चोखोबांचे नाव चळवळीत मानाने घेतले होते. 1956 च्या बौद्ध धर्मांतरानंतर अनेकांनी ते अभंग बाजूला ठेवले. हीन जन्माला पूर्वकर्म कारण मानणाऱ्या त्यांतल्या ओळी त्यांना पटणे शक्य नव्हते. बाबासाहेब आंबेडकरांनी मात्र 1948 साली प्रसिद्ध झालेला, अस्पृश्यतेच्या उगमाचा शोध घेणारा आपला इंग्रजी ग्रंथ नंदनार, रविदास आणि चोखामेळा यांच्या स्मृतीला अर्पण केला आहे.